जहाजाचं पाणी आणि मामाचे जिताडे

जहाजाच्या पोटात, इंजिनाच्या खाली जे काळं पाणी साचतं त्याला बिल्ज म्हणतात. त्यात डिझेल असतं, ग्रीस असतं, खलाशांच्या हातापायाचा मळ असतो, आणि ते समुद्रात सोडायला जगभर बंदी आहे. म्हणून जहाज बंदराला लागलं की कप्तान ते पाणी ठेकेदाराच्या टँकरमध्ये उतरवतो, पावती घेतो आणि गंगेत न्हाल्यासारखा पुढच्या बंदराला निघतो. त्या पाण्याचं पुढं काय झालं हे विचारायला तो कधी परत आलेला मी पाहिला नाही. अशाच एका ठेकेदाराच्या, भिवंडीजवळच्या काल्हेरच्या गोदामात ती कागदपत्रं लिहिणारा माणूस मी होतो.

माझ्या कार्डावर ‘पर्यावरण अधिकारी’ असं छापलेलं होतं. कार्ड आमच्या ठेकेदार शेठनं धामणकर नाक्यावरच्या एका छापखान्यातून आणलं होतं, जिथं लग्नपत्रिका आणि लूमच्या कारखान्यांची बिलबुकं छापत. मी ते कार्ड हॉटेलात चहाच्या ग्लासाला टेकवून ठेवत असे, म्हणजे शेजारच्या टेबलावरून वाचता यावं. त्या दिवसांत मोबाइलचं इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, त्यामुळं मी दिवसभर फोन कानाला लावून हिंडायचो. पलीकडं कुणी नसलं तरी.

काम सोपं होतं. टँकर बंदरातून यायचा. पाणी गोदामातल्या टाकीत ओतायचं. दोन दिवसांत तेल वर तरंगतं, ते काढून भिवंडीतल्या सायझिंगवाल्यांना द्यायचं. सुताला खळ चढवणारे हे कारखाने बॉयलरमध्ये काहीही जाळत. चपला जाळत, चिंध्या जाळत, मग जहाजाचं तेल म्हणजे तर तूपच. खाली उरलेलं घाण पाणी मात्र प्रक्रियेसाठी पाठवायचं, असा नियम. आमची प्रक्रिया म्हणजे गोदामामागचा नाला. ओहोटी लागली की नाल्यात सोडायचं, खाडी ते ओढून नेते.

आणि या सगळ्याचा एक फॉर्म असे. सहा रंगांच्या सहा प्रती. पांढरी एकाला, पिवळी दुसऱ्याला, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी. माझं अक्षर लहानपणापासून वळणदार. ‘प्रक्रिया करून विल्हेवाट लावली’ हे वाक्य मी इतकं देखणं लिहायचो की ते खोटं आहे असं मलासुद्धा वाटायचं नाही. बंदरातल्या ऑफिसात म्हणे माझे फॉर्म नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवत. कार्बन खाली नीट उमटला की त्या मंडळींच्या दृष्टीनं समुद्र स्वच्छ झालेला असे.

खरं तर शेठनं मला नोकरीला ठेवलं ते अक्षरासाठी नाहीच. मी खाडीकाठचा, म्हणून. ‘‘तुला भरती-ओहोटी कळते ना? मग बस,’’ एवढीच मुलाखत. आणि ते मला येत होतं. तिवरांच्या बुंध्यावरचा चिखल कुठवर ओला आहे हे बघितलं की पाणी चढतंय की उतरतंय ते आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगतं. वर्षभर मी मागच्या दारातून खाडीकडं बघायचो आणि ड्रायव्हरला हात करायचो.

मग मला बंदरातून ती पुस्तिका मिळाली.

छोटीशी, खिशात मावेल अशी, वर नांगराचं चित्र. आत वर्षभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा, मिनिटांसकट. एका कारकुनानं माझ्या अक्षरावर खूश होऊन दिली. त्या दिवसापासून मी चिखलाकडं बघणं सोडलं. पर्यावरण अधिकाऱ्यानं चिखलाकडं बघावं? छे.

आता मामाचं सांगतो. माझ्या मामाचं तळं आमच्या गोदामापासून नाल्यानं वर गेलं की बांधापलीकडं. जमिनी गोदामांना विकून आसपासच्या सगळ्यांनी बंगले उठवले. मामानं तेवढं खाजण, खाडीलगतची खारी पाणथळ, राखलं आणि तिथल्या तळ्यात जिताडे पाळले, खाडीतला मानाचा मासा. दोन वर्षं. माझी मामेबहीण खारबावला द्यायची ठरली तेव्हा साखरपुड्यात व्याही म्हणाले होते, ‘‘आमाला कापडचोपड नको, मानपान नको. मांडवात तुमच्या तल्यातला जिताडा वाढा, बस.’’ मामानं सगळ्या पाहुण्यांना बांधावर उभं करून मासे दाखवले होते आणि छातीवर हात मारून हो म्हटलं होतं. गावात त्यानंतर दुसरा विषय नव्हता.

लग्नाला आठ दिवस होते. अमावस्या होती, उधाणाचं पाणी. गोदामातली टाकी गळ्यापर्यंत भरलेली, आणि तीन वाजता बंदरातून नवा टँकर येणार. शेठचा फोन आला, ‘‘टाकी खाली पाहिजे.’’ मी पुस्तिका उघडली. भरती, सव्वाबारा. घड्याळात एक वाजत होता. म्हणजे ओहोटी लागून पाऊण तास झाला. ड्रायव्हरला फोन केला.

‘‘वाल्व खोल दे.’’

‘‘साब, पानी तो चढ रहा है शायद.’’

‘‘तू बिहार से आया है, तेरे को खाडी का क्या मालूम? किताब में लिखा है. खोल.’’

त्यानं खोलला. खाडी माझ्या खुर्चीपासून पन्नास पावलांवर होती. उठून दार उघडलं असतं तर दिसलं असतं. मी उठलो नाही.

ती वेळ बंदरातली होती. समुद्राचं पाणी तिथं माथ्याला पोचल्यावर खाडीतून वळणं घेत आमच्याकडं यायला दीड-दोन तास लागतात. बंदरात उतार लागतो तेव्हा काल्हेरला पाणी अजून चढतच असतं, नाल्यात सोडलेलं सगळं वर ढकलत. हे मला आईच्या दुधाबरोबर ठाऊक होतं. आमच्याकडं बायका याच हिशेबानं भात शिजायला टाकतात. पण पुस्तिकेवर नांगर होता ना.

नेमका त्याच वेळी मामानं बांधाची उघाडी वर ओढली होती. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी फळी. उधाणाला ती उचलून ताजं पाणी तळ्यात घ्यायचं, म्हणजे मासा तरतरीत राहतो. लग्नाआधीचं शेवटचं ताजं पाणी. तसं ते आलं. इंद्रधनुष्याच्या रंगाची साय धरून आलं.

मी संध्याकाळी गेलो तेव्हा बांधावर अर्धा गाव होता. लहान मासे उलटे तरंगत होते. मोठे जिताडे काठाशी तोंडं वर काढून श्वास घेत होते. मामा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून गोणपाटानं तेलाची साय ओढत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला,

‘‘भाच्या, तुज्या गोदामाचा हाय का ह्यो?’’

‘‘न्हाय मामा. आमचं सगळं कागदावर असतं.’’

हे वाक्य माझ्या तोंडून जितक्या सहज निघालं, तितकं सहज माझ्या आयुष्यात दुसरं काही निघालेलं नाही.

मामानं तक्रार केली. तिसऱ्या दिवशी साहेब आले. प्रदूषण बघणाऱ्या खात्यातले. पांढरे बूट घालून खाजणात यायचं धाडस त्यांच्यात होतं, एवढं एक मान्य करावं लागेल. ते आधी गोदामात आले. मी सहा रंगांचा गठ्ठा पुढं केला. त्यांनी पानं उलटली, आकडे जुळवले, अमावस्येच्या दिवसाचा फॉर्म काढून दोनदा वाचला. ‘‘वा. असं काम कुठं बघायला मिळत नाही,’’ म्हणाले. टाकीकडं त्यांनी मान वळवली नाही. मग आम्ही दोघं मामाच्या बांधावर गेलो, मी अधिकारी म्हणून बरोबर.

साहेबांनी तळं बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि मामाला विचारलं, ‘‘पाणी काढायला डिझेल इंजिन आहे का तुमचं?’’

‘‘हाय. पन ते घरी पडलंय, साहेब, दोन महिनं.’’

‘‘मग तेच सांडलं असणार. आणि ही तिवरं कुणी तोडली? तळ्याला परवानगी आहे का? गोदामाचे कागद मी पाहिलेत, तिथं थेंब सांडलेला नाही. मला तुमच्यावरच नोटीस काढावी लागेल. तळं बुजवावं लागेल.’’

मामा माझ्याकडं बघायला लागला. रागानं बघितलं असतं तर मी अजून एक खोटं बोललो असतो, तयारच होतं. पण तो मदतीसाठी बघत होता. घरातला शिकलेला माणूस ना मी.

‘‘साहेब,’’ मी म्हटलं, ‘‘मीच सोडलं. अमावस्येला, एक वाजता. टाकी खाली केली.’’

साहेब हसले. ‘‘असं कसं? तुमच्या फॉर्मवर तर प्रक्रियेला पाठवल्याचं आहे.’’

‘‘फॉर्म खोटा आहे.’’

‘‘सहाच्या सहा प्रती जुळतात हो! मामांसाठी जीव तुटतो, समजू शकतो मी. पण भावनेच्या भरात स्वतःवर घेऊ नका.’’

मी टाकी दाखवतो म्हटलं, ड्रायव्हरला बोलावतो म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा मी सरकारी माणसाशी खरं बोलत होतो आणि माझंच अक्षर मला खोटं पाडत होतं. मामा पाण्यात थुंकला आणि घराकडं चालू लागला.

आमच्याकडं रीत आहे, तलाठी असो, फौजदार असो, बांधावर आलेला साहेब जिताडा खाल्ल्याशिवाय जात नाही. तो काही देत नसला तरी खातो. मामाच्या घरी पान वाढलेलं होतंच. मामीनं सकाळीच जाळं टाकून जिवंत असलेल्यांपैकी थोरला मासा काढला होता. लाल रस्सा, तळलेल्या तुकड्या, तांदळाची भाकरी. साहेबांनी बाह्या सरसावल्या. पहिली तुकडी तोंडात गेली आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी बॉयलरचं झाकण उघडलं. डिझेलचा वास मला दारात येत होता.

‘‘वहिनी, याला... याला वास येतोय.’’

मामी पदर खोचून समोर उभी. ‘‘न्हाय वो, साहेब. कागदावर तर थेंब न्हाय सांडलेला. खावा, खावा. आजून एक वाढू का?’’

साहेबांनी तोंडातलं गिळलं. थुंकायचं कुठं? पान तसंच टाकून ते उठले, अंगणात जाऊन चुळा भरल्या, आणि जीपमध्ये बसताना नोटिशीचं काही बोलले नाहीत. पुढंही ती कधी आली नाही. आमच्या गोदामावर तर नाहीच. तळ्याच्या फाइलवर त्यांनी काय लिहिलं कोण जाणे. काही लिहिलंच नसेल, ही माझी अटकळ. असली माणसं पोटात गेलेलं कागदावर आणत नाहीत.

जीप गेल्यावर मामी माझ्याकडं वळली. ‘‘बस पानावर. तुजा पन वाढलाय.’’

मी बसलो. अख्खी तुकडी खाल्ली. कुणी पाणी दिलं नाही. मामा ओटीवर बसून बघत होता. संपल्यावर म्हणाला, ‘‘आता खारबावला जा. व्याह्यांना सांग. मी न्हाय जानार. तूच सांगायचा, आनि खरा सांगायचा. मोडला लगीन तर त्ये बी तुलाच ऐकायचा.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. शेठला काम सोडल्याचं आदल्या संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं. तो एवढंच म्हणाला, ‘‘कोरे फॉर्म आहेत त्यावर सह्या करून जा.’’ मी केल्या नाहीत. शौर्य वगैरे काही नाही. बोटांना अजून डिझेलचा वास येत होता, पेन धरवत नव्हतं.

व्याही अंगणात जाळं विणत बसले होते. सत्तरीचे, उघडे, कानात बाळी. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. जहाज, टाकी, पुस्तिका, उघाडी, जिताडे. मांडवात मासा मिळणार नाही, हे सर्वांत शेवटी. ते मान खाली घालून विणत होते. घरात भांड्यांचा आवाज थांबला होता. दाराआड माणसं ऐकत होती.

‘‘पुस्तकात बगून पानी सोडला?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो.’’

‘‘खाडी किती लांब व्हती?’’

‘‘पन्नास पावलं.’’

त्यांनी सुई बाजूला ठेवली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. माझा इस्त्रीचा शर्ट, खिशातलं पेन, कार्डांचा डबा. आत वळून ते मोठ्यानं म्हणाले, ‘‘ऐकलाव का गो? आपल्या व्याह्याच्या भाच्याला खाडी बगायला पुस्तक लागतंय!’’ आत बायका हसल्या. एकीला ठसका लागला. लग्न मोडलं तर ते असं मोडणार, हसत हसत, हे मला तेव्हा खरंच वाटलं.

मग ते गंभीर झाले. ‘‘जिताडा नसंल तर नसंल. कोंबडी खाऊ. पन येक सांगा पावनं. पोरगी आमच्या घरात येनार. आमची शेती बांधाखाली, उघाडी आमच्या बायकाच वरती-खाली करतात. तुमच्या बहिनीला भरती कळते का, का ती बी शिकलेली हाय?’’

‘‘कळते,’’ मी म्हटलं. ‘‘ती दहावी नापास आहे.’’

‘‘मग झाला,’’ म्हातारा म्हणाला, आणि आत ओरडून माझ्यासाठी चहा सांगितला.