बाबांची जंतांची गोळी

"वडिलांना खरं सांगून टाक" हे मला शिकवणं आधी बंद करा.

बाबांच्या आतड्यातून काढलेली गाठ कॅन्सरची होती, हे घरात फक्त मला ठाऊक आहे. आज फ्रीगंजच्या बाजारात आम्ही दोघं औषध घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "बाबूजी, ये तो पेट के कीड़े की गोली है."

हीच गोळी प्रतिकारशक्ती जागवते, उरलासुरला कॅन्सर मग शरीरच मारतं, असं डॉक्टरांनी मला समजावलं होतं. मी फक्त पैसे दिले.

बाबा खुलले. "बघ, नुसते जंत. उगाच तोंड पाडून फिरतोस." कित्येक दिवसांनी त्यांनी स्वतःहून पोहे मागितले.

आता शेजारच्या पीसीओच्या फोनवरून ते आत्याला तेच सांगताहेत. तुम्ही काय केलं असतं?

हाक मारताहेत. "ये, तूच सांग तिला."

जातो.