भरवलेला पेढा

२०२२ सालच्या जूनमधला शेवटचा रविवार. शिष्यवृत्तीची रक्कम पंधरा हजार रुपये, चेकने. ठिकाण दादरमधला भाड्याचा हॉल. हजर: देणगीदार भाऊसाहेब, त्यांच्या पत्नी, मंडळाचे चिटणीस परब, एक फोटोग्राफर, आणि खाली खुर्च्यांवर आमच्या तालुक्यातली शंभर-दीडशे माणसं. त्यांत माझी बायको सुनंदा. व्यासपीठावर माझी मुलगी तन्वी, वय चौदा. तिच्या शेजारी पेढ्यांचा बॉक्स धरून उभा असलेला मी.

भाऊसाहेब माइकवर म्हणाले, "हिला म्हणे पेढ्याचा घाण वास येतो. चेकचा येतो का विचारा."

हॉल हसला. मनापासून हसला. मागच्या रांगेतल्यांना ऐकू आलं नव्हतं, त्यांना पुढच्यांनी सांगितलं, मग तेही हसले.

आमचं मंडळ जुनं. कोकणातून लालबाग-परळला गिरणीत आलेल्या माणसांनी काढलेलं. माझे वडील साच्यावर कापड विणायचे. पगाराच्या दिवशी चार आणे मंडळाच्या डब्यात टाकूनच घरी यायचे. त्या डब्यातून तालुक्यातल्या पोरांची वह्या-पुस्तकं यायची. माझीही आली. एका संध्याकाळी कोणीतरी काका पिशवी घेऊन आला, पुस्तकं दिली, चहा प्यायला, गेला. फोटो नाही. हार नाही.

गिरण्या गेल्या, डबा गेला. मग भाऊसाहेब आले. आमच्याच तालुक्यातले, बांधकामात मोठे झालेले. दरवर्षी सगळी रक्कम ते एकटे देऊ लागले आणि कार्यक्रम बदलला. मागे त्यांचा फोटो असलेला बॅनर. मुलाने व्यासपीठावर यायचं, वाकून भाऊसाहेबांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या पाया पडायचं. भाऊसाहेब पेढा उचलणार, मुलाच्या तोंडात भरवणार. दोघांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. मग पाकीट. पेढा भरवल्याशिवाय पाकीट मिळालेलं मूल मी पाहिलं नाही. आणि मी प्रत्येक वर्षी पाहत होतो, कारण मी माझगावला एका शिपिंग कंपनीत हिशेबनीस, मंडळाचे हिशेबही मीच फुकट लिहायचो, आणि घरचा माणूस म्हणून बॉक्स माझ्याच हातात असायचा.

आता तन्वीचं सांगतो.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत आम्ही तिघेही आजारी पडलो. मला आणि सुनंदाला चांगलाच त्रास झाला. तन्वीला दोन दिवस कणकण. आम्ही म्हटलं, पोर सुटली. तिला वास यायचा बंद झाला होता, पण तो तर सगळ्यांचाच झाला होता.

काही महिन्यांनी वास परत आला. सुनंदा कांदा-खोबरं भाजत होती, वाटणासाठी. तन्वी नाक दाबून बाहेर आली. म्हणाली, "आई, घरात काहीतरी मेलंय."

आम्ही उंदीर शोधला. कपाट सरकवलं, कॉट उचलली, माळ्यावरचं सामान खाली काढलं. शेजारच्या काकी फिनेल घेऊन आल्या. उंदीर नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा कांदा भाजायला घेतला आणि तन्वीला उलटी झाली. तेव्हा कळलं, मेलेल्या उंदराचा वास आमच्या तव्यातून येत होता. फक्त तिला.

मग एकेक गोष्ट गेली. अंडं. चहा. तळलेला बांगडा. तापवलेलं दूध. टूथपेस्टसुद्धा. एखाद्या उंदराने खावं तेवढंही ती खात नव्हती. थंड दहीभात, काकडी, एवढंच. शाळेचा स्कर्ट कमरेला सेफ्टी पिन लावून घालायची. शाळेतून आली की बूट न काढता झोपायची. प्रार्थनेला उभी राहिली की डोळ्यांपुढे काळोख यायचा. सतराचा पाढा तिला पहिलीपासून तोंडपाठ होता, मीच घेतला होता. एका रविवारी सतरा सातेला अडकली. माझ्याकडे बघत राहिली. मीही पुढे विचारलं नाही.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, "कोविड केव्हाच संपला. किती दिवस भांडवल करणार त्याचं?" माझी वहिनी म्हणाली, "वयात आलीय, नखरे आहेत." तीन डॉक्टर झाले. एकाने टॉनिक दिलं, एकाने जंताचं औषध, एकाने तिच्यासमोर मला विचारलं, "घरी काही प्रॉब्लेम आहे का? लक्ष वेधून घेते."

शेवटी सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत एक तरुण डॉक्टरीण भेटली. तिने तन्वीलाच विचारलं, मला नाही. सगळं ऐकून म्हणाली, "हे खरं आहे. कोविडनंतर काही मुलांना होतं. वासाच्या नसा दुखावतात, बऱ्या होताना चुकीचा निरोप देतात. थकवा, चक्कर, विसरणं हेही त्यातलंच. कधी जाईल ते मी सांगू शकत नाही." तन्वी तिथे रडली. बाहेर आल्यावर म्हणाली, "पप्पा, त्यांनी मला खोटारडी नाही म्हटलं." तेवढ्यावरच रडली होती.

डॉक्टरांनी चार बाटल्या सांगितल्या. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या, नाकाला पुन्हा शिकवायचं. ती नेमाने हुंगायची. परीक्षेचा अभ्यास करावा तशी.

दहावीच्या क्लासची फी भरायची होती म्हणून मंडळाकडे अर्ज केला. नववीचे तिचे मार्क चांगले होते. कसे मिळवले ते आम्हा तिघांना ठाऊक. अर्ज मंजूर झाला. मी परबांना आठ दिवस आधीच फोन केला. म्हटलं, तिला पेढा चालत नाही, खव्याच्या वासाने ओकारी येते, डॉक्टरांचा कागद आहे. परब म्हणाले, "अरे, नुसता ओठाला लावतील. फोटोपुरता."

कार्यक्रमाच्या दिवशी मी भाऊसाहेबांना स्वतः भेटून सांगितलं. हात जोडून सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "माझ्या नातवंडांनाही झाला होता कोविड. टेनिस खेळतात. तुम्ही लोक पोरांना जपून जपून आजारी पाडता."

तुम्ही लोक. एकाच तालुक्यातले आम्ही.

तन्वीचं नाव परबांनी पुकारलं. ती आली. वाकली. उठताना तोल गेला, टेबल धरलं. भाऊसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "सरळ उभी राहा गं. फोटो आहे." मग भाऊसाहेबांनी तो विनोद केला. हॉल हसत होता तेव्हाच त्यांनी माइक टेबलावर ठेवला आणि माझ्या हातातल्या बॉक्समधून पेढा उचलला.

"खा. माझ्या हातचा आहे."

तन्वीने तोंड थोडं माझ्याकडे वळवलं. ओठ मिटलेले.

मी म्हटलं, "भाऊसाहेब, नको."

ते माझ्याकडे बघून हसले. डाव्या हाताने त्यांनी तिचे गाल धरले. तान्ह्या पोराला औषध पाजताना दाबतात तसे, दोन बोटांनी. तोंड उघडलं. पेढा आत गेला. फ्लॅश उडाला. ती कॅमेऱ्याकडे बघत होती, सांगितल्याप्रमाणे. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती गिळायचा प्रयत्न करत होती.

नाही जमलं. पेढा, सकाळचा दहीभात, सगळं भाऊसाहेबांच्या रेशमी जॅकेटवर.

"शी," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "अन्नाची किंमत नाही या मुलांना."

परब नॅपकिन घेऊन धावले. जॅकेट पुसलं. तन्वीच्या हनुवटीवरून ओघळत होतं, ते कोणी पुसलं नाही. ती खाली बसली. बसल्या बसल्या स्वतःच्या रुमालाने फरशी पुसायला लागली.

भाऊसाहेबांनी टेबलावरचा माइक पुन्हा उचलला. "खाली बसलीच आहेस तर नाक घास. तेवढंच नाक ठिकाणावर येईल."

या वेळी थोडेच हसले. पण हसले.

तन्वीने तळहात फरशीवर टेकला. मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती ते करणार होती. मला विचारत होती, किती वेळा. क्लासची फी तिला माहीत होती. आमच्या घरात आकडे लपवत नाहीत.

मी पेढ्यांचा बॉक्स भाऊसाहेबांच्या मोकळ्या हातात दिला. समोर आलेली वस्तू माणूस धरतोच. त्यांनी धरली. एका हातात माइक, दुसऱ्या हातात बॉक्स.

"आता तुम्ही धरा," मी म्हटलं. "ती नाक घासणार नाही. मीही नाही. चेक ठेवा तुमच्याकडे."

माइक चालू होता. हॉलने सगळं ऐकलं.

मी तिला काखेत धरून उठवलं. खुर्च्यांमधून बाहेर आलो तेव्हा लोकांनी पाय आत ओढले, बायकांनी साड्या सावरल्या. तिसऱ्या रांगेत माझा मोठा भाऊ बसला होता. तो मोबाइल बघत होता.

हॉलच्या पायरीवर तन्वी बसली. मानेवरची शीर उडताना दिसत होती. सुनंदाने पदराने तिचं तोंड पुसलं. तन्वी म्हणाली, "मी गिळत होते पप्पा. खरंच गिळत होते."

संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला. फोटोग्राफरने नेमका तो क्षण पकडला होता. तोंड उघडं, पेढा अर्धा बाहेर. खाली हसरे चेहरे टाकलेले. तिचा एक मामा. एक आत्या. तिच्या वर्गातल्या मुलाचे वडील. सोमवारी ती शाळेत गेली तर बाकावर पेढा ठेवलेला होता, कागदावर, नीट मधोमध. ती शाळा भरायच्या आधीच परत आली. रस्ता ओलांडताना दोनदा बसावं लागलं, असं तिने सांगितलं. बाकावरच्या पेढ्याचं चार दिवसांनी सांगितलं.

भावाचा फोन आला. "एकदा नाक टेकलं असतं तर काय झिजणार होतं रे? पंधरा हजार आहेत. तुझा अडीच आठवड्यांचा पगार."

"तुझी मुलगी पाठवतोस का पुढच्या वर्षी?" मी विचारलं. त्याने फोन ठेवला. आजही आमचं बोलणं नाही.

मग परबांचा. "भाऊसाहेब मनाने मोठे आहेत. चेक तयार आहे. तू फक्त माफीचं पत्र आण, तन्वीची सही हवी त्यावर. आणि जॅकेटच्या ड्रायक्लीनिंगचे सहाशे रुपये मंडळात जमा कर. तत्त्व म्हणून हां, पैशाचं काही नाही."

"जॅकेट कुठल्या लाँड्रीत दिलंय?"

"ते कशाला तुला?"

"सांगा ना."

त्यांनी सांगितलं. परळची लाँड्री. मी म्हटलं, मंडळाच्या हिशेबाच्या वह्या उद्या तुमच्या घरी आणून देतो. दुसरा हिशेबनीस बघा. तो बॉक्सही धरेल.

क्लासची फी सुनंदाची बँकेतली ठेव मोडून भरली. तन्वी दहावी झाली. मार्क सांगण्यासारखे नव्हते. आता कॉलेजात जाते, निम्मे दिवस जाते, निम्मे दिवस झोपून असते. लिंबाचा वास अजून जळक्या रबरासारखा येतो. कांदा आमच्या घरात अजून भाजत नाहीत. ती बरी होईल की नाही, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. लोकांना मात्र सगळं माहीत असतं.

माझ्या वडिलांचे चार आणे होते त्या डब्यात. ते कोणाला पेढा भरवत नव्हते. माझी पुस्तकं आली तेव्हा माझ्या आईला कोणी वाकायला लावलं नाही. ते पैसे आमचे होते, आमच्याच पोरांसाठी होते. ते कधी कोणाच्या उपकाराचे झाले आणि आम्ही कधी तोंड उघडून उभे राहिलो, हे बॉक्स धरून उभं असताना मला दिसलं नव्हतं. फरशीवर टेकलेला हात बघून दिसलं.

दर जूनमध्ये शेवटच्या रविवारी मी त्या हॉलच्या दाराशी उभा राहतो. आत जात नाही. आत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो, "वाकायचं नसेल तर वाकू नकोस. खायचं नसेल तर तोंड मिटून ठेव. पाकीट नाही दिलं तर बाहेर ये, मी इथे आहे." बहुतेक मुलं माझ्याकडे न बघता जातात. त्यांचे आईबाप शिव्या देतात. परबांनी एकदा वॉचमन पाठवला. मी हललो नाही. हलणारही नाही.

राहिला जॅकेटचा हिशेब.

फोन झाला त्याच संध्याकाळी मी तन्वीला घेऊन परळच्या लाँड्रीत गेलो. यायचंच, असं ती म्हणाली. टॅक्सीने गेलो, तिला चालवत नव्हतं. जॅकेट प्लॅस्टिकमध्ये टांगलेलं होतं. डाग गेला होता. लाँड्रीवाला म्हणाला, "हे साहेबांचं आहे. त्यांचं खातं असतं, महिन्याने देतात."

"याचे आज आम्ही देतो."

त्याने पावतीपुस्तक उघडलं. "नाव काय टाकू?"

मी बोलायच्या आधी तन्वीने सांगितलं. स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांचं, आडनाव. व्यासपीठावर भाऊसाहेबांनी तिला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. ही, एवढंच म्हणाले होते.

रुपये सहाशे रोख. लाँड्रीवाल्याला दिले. पावती तन्वीच्या नावाची. भाऊसाहेबांना आणि मंडळाला काही नाही. माफीचं पत्र लिहिलं नाही.