बेडूक बादलीत, लाट पडद्यावर

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते, तेही तात्पुरती. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे विद्यापीठाची समिती येऊन ठरवणार होती. समितीला बेडकाच्या मज्जातंतूतून जाणारा विजेचा संदेश दाखवा, म्हणजे काम झालंच समजा, असं आमच्या विभागप्रमुख सरांनी सांगून ठेवलं होतं.

त्यासाठी विभागात ऑसिलोस्कोप होता. तंतूतली वीज त्याच्या छोट्या गोल पडद्यावर हिरव्या रेषेने उमटते. आल्यापासून तो कुलपातच होता, कारण वापरलं की यंत्र बिघडतं, अशी विभागाची ठाम समजूत होती. बाहेर यायचा तो फक्त खंडेनवमीला. त्या वर्षी पूजा स्वतः सरांनी केली. बाकीच्या यंत्रांना हळदकुंकवाचं एकेक बोट मिळालं. हे महागाचं, म्हणून याला ओलं कुंकू पार तारा खोचायच्या भोकांपर्यंत फासलं गेलं.

त्याच आठवड्यात, समिती यायच्या आदल्या दिवशी मी यंत्र सुरू केलं, तर पडद्यावर जाडजूड लाट नाचायला लागली. सर हरखून गेले. घोटीच्या भातशेतातला बेडूक आहे, अंगात जोर असणारच, म्हणाले. बेडूक अजून बादलीतच आहे, असं मला सांगावं लागलं. ही भिंतीतल्या तारांची वीज, कुंकवाच्या ओलीने आत शिरलेली; ते पुसायला हवं. सरांचा चेहरा उतरला. पूजेचं कुंकू कोणी पुसतं का, आणि तेही बाईमाणसाने?

सर जेवायला गेले आणि मी स्पिरिटचा बोळा घेतला. लाट नाहीशी झाली. मग तंतू मांडून त्याला हलकासा झटका दिला, तर सपाट रेषेवर एक बारीक उंचवटा उठला आणि मावळला. पुस्तकात शंभरदा पाहिलेली गोष्ट माझ्यासमोर खरोखर घडत होती. मला चक्क रडू आलं.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर तो उंचवटा दर झटक्याला इमानदारीने उठला. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एवढंच?" ते म्हणाले. "मागच्या कॉलेजात तर पडदाभर लाट होती."

"तिथे बेडूक लावला होता का, सर?" मी विचारलं.

आमच्या सरांनी घाईघाईने चहा मागवला.

यंत्र उत्तम, बाईंना अनुभव कमी, असा निकाल लागला. आणखी वर्षभर मी तात्पुरतीच राहिले, आणि त्याचा राग मला अजूनही येतो. सरांनी मात्र मोठ्या मनाने माझी समजूत घातली.

"मनाला लावून घेऊ नका, बाई," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बेडूक जरा मोठा आणू."