औंदा पाळी कोणाची?

"वहिनी, तुम्ही फक्त इथे सही करा. बाकीचं मास्तर बघतील."

सचिवांनी पेन पुढे केलं आणि मी सही केली. ग्रामसभेने तीन जणांची समिती नेमली होती, त्यात माझं नाव होतं. काम असं, की गावच्या सरकारी प्राथमिक शाळेच्या दुरुस्तीचे ठेके कोणाला आणि कसे दिले जातात ते तपासायचं. मी नाव दिलं नव्हतं. आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा घरच्यांनी मला उभी केली आणि मी पंच, म्हणजे पंचायतीची सदस्य, झाले. सभेत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. समितीत एक बाई हवी आणि ती न बोलणारी असली तर बरी, असा तो हिशोब होता. चौथीपर्यंत शिकलेली बाई काय तपासणार?

तपासाची पाळी आली ती छपरामुळे. दोन पावसाळ्यांपूर्वीच शाळेचं छप्पर दुरुस्त केलं होतं. तरी एका सकाळी व्हरांड्यातली कौलं घसरून खाली आली. मुलं वर्गात होती, म्हणून फक्त बाहेर काढलेल्या चपला तुटल्या. माझी धाकटी एकाच पायात चप्पल घालून घरी आली. खात्याचे साहेब येऊन बघून गेले आणि म्हणाले, पावसाआधी छप्पर पक्कं झालं नाही, तर मुलांना पलीकडच्या गावच्या शाळेत पाठवू. मधे मोपाच्या विमानतळाकडे जाणारा रस्ता आहे, त्यावर टिपर कसे सुटतात ते आम्हाला माहीत. माझा नवराच टिपर चालवतो. आणि एकदा मुलं गेली की छोटी शाळा पुन्हा उघडत नाही. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

नव्या कामाचं टेंडर आधीच निघालं होतं. टेंडर म्हणजे काम कोण किती पैशांत करणार ते बंद पाकिटात लिहून देणं. इंजिनियर आधी खर्चाचा अंदाज काढतो, त्याला एस्टिमेट म्हणतात. पाकिटं सगळ्यांसमोर उघडतात आणि ज्याचा भाव सगळ्यात कमी त्याला काम मिळतं. तीन पाकिटं आली होती, गावातल्याच तीन ठेकेदारांची. समितीचा अहवाल येईपर्यंत ती सचिवांच्या कपाटात बंद होती.

समितीचे तिसरे सदस्य बोटीवर नोकरीला. त्यांना बोलावणं आलं, ते गेले. उरलो मास्तर आणि मी. मास्तर म्हणजे त्याच शाळेतून रिटायर झालेले हेडमास्तर. माणूस सरळ, पण कागदावर विश्वास फार. आम्ही पंचायतीत बसून जुन्या फायली काढल्या. मास्तर मोठ्याने वाचायचे, मी ऐकायचे.

"सगळं नियमात आहे," शेवटी मास्तर म्हणाले. "दर वेळी तीन पाकिटं. दर वेळी सगळ्यात कमी भाववाल्याला काम. आणि दर वेळी माणूस वेगळा. एकाचीच मक्तेदारी असती तर बोट दाखवलं असतं."

"मग छप्पर का पडलं?" मी विचारलं.

"ते नशीब गो बाई."

शाळेत जाऊन पाहिलं. वाशांवर आडव्या पातळ पट्ट्या ठोकतात, त्यांना रिपा म्हणतात. त्यावर कौल बसतं. या रिपा ओल्या लाकडाच्या होत्या. वाळल्यावर वाकल्या आणि कौलं सुटली. ज्याने ते काम केलं तो विठू, गावातलाच ठेकेदार. मास्तरांनी त्याला विचारलं तर तो हसत म्हणाला, "मास्तर, मी विहिरी बांधणारा माणूस. छप्पर माझं काम नव्हे."

"मग टेंडर कित्याक भरलंस?"

"भरायचं असतं."

मास्तरांना वाटलं तो उडवून लावतोय. मलाही तेच वाटलं.

दुसरा ठेकेदार बाबुसो. गटारं, पायवाटा, रस्त्याखालच्या मोऱ्या ही त्याची कामं. त्याने आम्हाला लिंबू सोडा पाजला, मास्तरांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि टेंडरबद्दल एक शब्द बोलला नाही. तिसरा प्रभाकर. कौलारू छपरांचं काम आमच्या भागात त्याच्यासारखं कोणाचं नाही. तो म्हणाला, "पाकिटं उघडली की कळेल हो. कसली घाई?" तिघांचं एकमेकांशी चांगलं होतं. गणपतीत एकाच भजनात बसायचे. मास्तरांनी अहवाल लिहायला घेतला, की आक्षेपार्ह काही आढळलं नाही.

प्रभाकरची बायको शैला आणि मी एकाच गावच्या लेकी, दोडामार्गाकडच्या. त्या आठवड्यात मी तिच्याकडे कोकमाचे रातांबे फोडायला गेले. खळ्यात आम्ही दोघीच, हात लालभडक. मी तपासाचं काही काढलं नाही. तीच बोलली.

"सुमन, औंदा तुमच्या शाळेक आमचो माणूस मिळाचो नाय हां."

"का गो? छप्पर तर तोच करता."

"औंदा त्येंची पाळी नाय. त्येंची अंगणवाडीच्या वेळेक झाली. औंदा बाबुसोची." मग अभिमानाने म्हणाली, "दुसऱ्या गावांत ठेकेदार मारामारी करतत. आमच्याकडे तसा नाय. पाळीपाळीन घेतत. देवळासारख्या."

माझ्या हातातला रातांबा तसाच राहिला.

पाळी म्हणजे काय ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. देवळात दर घराण्याची पाळी ठरलेली असते. या साली उत्सव एकाचा, पुढच्या साली दुसऱ्याचा. कोणी कोणाची पाळी हिसकावत नाही. गावात त्यासारखी इज्जतीची गोष्ट दुसरी नाही. या तिघांनी तीच रीत शाळेला लावली होती. ज्याची पाळी त्याने थोडा कमी भाव लिहायचा, बाकी दोघांनी मुद्दाम जास्त लिहायचा. सगळं नियमात. म्हणून विहीरवाल्याने छप्पर केलं. आता गटारवाला करणार होता. आणि ज्याला छप्पर येतं तो घरी बसून पुढच्या पाळीची वाट बघणार होता. त्यांना त्यात चोरी दिसतच नव्हती. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही ते शहाणपणाचं वाटलं. मग धाकटीचा अनवाणी पाय आठवला.

मास्तरांना सांगावं म्हणून मी त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. सांगितलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, तुला कोणी सांगितलं? मास्तर ते अहवालात लिहिणार. मग शैलाचं घरात काय होणार? प्रभाकर वाईट नव्हता, पण दोन सोबत्यांपुढे त्याची मान खाली गेली असती आणि त्याचा राग तिच्यावर निघाला असता. न सांगावं तर रविवारी खास ग्रामसभेत अहवाल मंजूर होणार, लगेच पाकिटं उघडणार आणि छप्पर बाबुसोकडे जाणार.

रविवारी पंचायतीच्या हॉलमध्ये गर्दी झाली. मास्तरांनी अहवाल वाचला. सरपंच म्हणाले, "कोणाचं काही म्हणणं? नसेल तर पाकिटं उघडू."

मी उभी राहिले. सरपंचांना वाटलं मी पाणी मागतेय, त्यांनी बाटली पुढे केली.

"मला एक विचारायचं आहे," मी म्हटलं. माईक कोणीतरी जवळ आणला आणि माझाच आवाज मला मोठा ऐकू आला. "पाळीचं."

मागच्या रांगेत खसखस पिकली. एक पोरगा ओरडला, "वहिनी, तो विषय महिला मंडळात काढा!" सगळा हॉल हसला. सचिव टेबलाखाली काहीतरी शोधू लागले. माझे कान तापले. दुसरा दिवस असता तर मी खाली बसले असते.

"ती नव्हे," मी म्हटलं. "शाळेच्या कामाची पाळी. औंदा पाळी प्रभाकरभाऊंची ना? मग पाकिटं कशाला उघडता? त्यांनाच देऊन टाका. छप्पर ते चांगलं करतात."

प्रभाकर चकित होऊन माझ्याकडे बघत राहिला. पण बाबुसो खुर्चीवरून ताडकन उठला.

"प्रभाकराची कशी? त्याने अंगणवाडी घेतली! त्याच्या नंतर छप्पर विठूने घेतलं! औंदा माझी पाळी!"

"अरे बस, बस," विठू त्याचा शर्ट ओढत होता.

"बसू कित्याक? मी दोनदा सोडलं ते काय फुकट? वहिनीक कोणी काय सांगितलं माका ठाऊक नाय, पण पाळी माझी! विचार प्रभाकराक! प्रभाकर, बोल मरे!"

प्रभाकरने मान खाली घातली. बाहेर पाववाल्याचा भोंगा वाजत गेला.

मग मास्तर चष्मा पुसत उभे राहिले. वर्गात उभे राहायचे तसे. "बाबुसो, पाकिटं अजून कपाटात बंद आहेत. काम तुझं हे तुला कसं ठाऊक?"

बाबुसो खाली बसला. तेव्हा कुठे त्याला कळलं आपण काय बोललो ते. सचिवांनी विचारलं, "सरपंच, हे कसं लिहू?"

"बोलले तसं लिहा," मास्तर म्हणाले. त्यांनी हातातला अहवाल चार घड्या करून खिशात घातला.

टेंडर रद्द झालं. नवीन काढलं, त्यात दोन गोष्टी घातल्या. काम घेणाऱ्याने आधी कौलारू छप्पर केलेलं असावं आणि नोटीस गावाबाहेर, पेडणे आणि डिचोलीच्या बाजारातही लावावी. या वेळी पाकिटं जास्त आली. सगळ्यात कमी भाव वाळपईकडच्या एका ठेकेदाराचा निघाला. प्रभाकर दुसरा आला. पहिल्यांदाच त्याने खरा भाव लिहिला होता, असं तो स्वतःच हसून सांगतो. वाळपईच्या माणसाने पाऊस लागण्याआधी काम पुरं केलं. रिपा आणल्या त्या दिवशी मी शाळेत गेले आणि एक उचलून पाहिली. सुकी होती, हलकी. पूर्ण पावसाळा गेला, वर्गात एक थेंब आला नाही. मुलं आहेत तिथेच शिकत आहेत.

नंतर शैला त्या रातांब्यांची वाळवलेली सोलं घेऊन आली. ओट्यावर बसली, इकडचं तिकडचं बोलली. उठताना म्हणाली, "गो सुमन, मी तुका बाबुसोचा नाव सांगितलंय. तू आमच्या माणसाचा कसा घेतलंस?"

"चुकलंय गो. गर्दी बघून घाबरलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सोलांची पिशवी आणखी थोडी माझ्याकडे सरकवली. "बरा चुकलंस," ती म्हणाली आणि गेली.

गावात आजही सांगतात की पंचबाईची जीभ घसरली आणि बाबुसो फसला. मास्तरही तेच सांगतात, मी काही बोलत नाही. खरी गोष्ट अशी, की त्या आठवड्यात मासळी साफ करताना, कपडे वाळत घालताना मी ते वाक्य घोकत होते. प्रभाकरचं नाव मुद्दाम घेतलं. त्याचंच नाव चुकीचं घेतल्यावर त्याच्या घरातून बातमी फुटली असं कोणाच्या मनात येणार नव्हतं. आणि बाबुसोचं बरोबर नाव घेतलं असतं तर तो गप्प बसला असता.

माणूस चोरीचा आळ सोसेल. त्याची पाळी दुसऱ्याला दिलेली सोसत नाही.