काटासाहेब आणि तीस दिवसांची गाडी

काटासाहेबांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या नोकरीत गेली. ते बाजारात शिरले की दुकानदारांच्या पाचावर धारण बसायची. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा त्यांना चार दुकानं अलीकडून दिसायचा. मग खिशातून लाल डायरी निघायची. ते गुन्हा लिहायचे, ज्याचं नुकसान झालं त्याची खाली सही घ्यायचे आणि मगच दुकानदाराकडे वळायचे. निवृत्त झाल्यावर तराजू सरकारजमा झाला, पण संशय तेवढा डायरीसोबत घरी आला.

घरात आणलेली साखर पुन्हा वजन करून बघितली जाई. खोकल्याच्या बाटलीवर रोज पेनाने रेघ ओढली जाई. डॉक्टर "तब्येत छान आहे" म्हणाले, तर यांच्या मनात पाल चुकचुके, की हा नक्की काय लपवतोय? बायको या सगळ्याला एकच शब्द म्हणायची, "बरं." जगात ज्याचा त्यांना संशय आला नाही असं एवढं एकच काही होतं, आणि खरं सांगायचं तर तिथेच यायला हवा होता.

दोन महिन्यांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. पाय ओढत का होईना ती चालू लागली, पण उजवा हात मुठीत मिटून राहिला. हाताचे व्यायाम करून घेणारं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार जायचं. तिथल्या मुलीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काका, हे सुरुवातीचे महिने वाया घालवू नका. हात उघडायचा तो याच दिवसांत उघडतो. नंतर फार थोडं मिळतं." तिने एक कार्ड दिलं होतं. प्रत्येक खेपेला त्यातल्या त्या तारखेच्या चौकोनात निळा शिक्का पडायचा. गेल्या शुक्रवारी बायकोने दोन बोटांत टॉवेलचं टोक धरलं होतं, आणि घरी येईपर्यंत ती गाडीत स्वतःशीच हसत होती.

शनिवारी घात झाला. सामान पोचवणारा टेम्पो मागे येता येता यांच्या उभ्या गाडीवर आदळला. गाडीचं नाक चेपलं. सोमवारी ती ओढून गॅरेजात नेली आणि काटासाहेब विमा कंपनीत जाऊन बसले.

"काळजी करू नका," टेबलामागची बाई म्हणाली. "तुमच्या विम्यात भाड्याच्या गाडीची सोय आहे. अपघाताच्या दुरुस्तीसाठी गाडी गॅरेजात आहे तोवर दुसरी भाड्याने घ्या. पावत्या आणा, भाडं आम्ही परत देऊ."

"किती दिवस?"

"जास्तीत जास्त तीस. रोजची एक मर्यादा आहे, त्याच्या वरचं भाडं तुमचं. पेट्रोलही तुमचं. तुमची गाडी तयार झाली की सोय बंद."

"मी हे मागितलं नव्हतं," काटासाहेब म्हणाले.

झालं! न मागता मिळालेल्या गोष्टीत पाणी मुरत नाही, हे त्यांना कुणी पटवून द्यायचं? त्यांनी मुलीला फोन लावला. ती दूरच्या गावी नोकरीला होती.

"बाबा, नूतनीकरणाच्या वेळी मीच ते घेतलं. तुम्ही दोघंच असता म्हणून."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर घेऊ दिलं असतंत?"

त्यांनी फोन ठेवला. घरी येऊन भिंग काढलं आणि विम्याचा कागद वाचायला बसले. संध्याकाळपर्यंत त्यांच्यापुरता सगळा कट उघडा पडला. गॅरेजवाला मुद्दाम दिवस लांबवणार. गाडी भाड्याने देणारा जुना ओरखडा यांच्या माथी मारणार. विमावाली शेवटी कुठलंतरी कलम दाखवून कानावर हात ठेवणार. तिघांचं साटंलोटं! एकाच गोष्टीने घोडं अडलं होतं. पुरावा नव्हता.

"अहो, आज सोमवार," बायको म्हणाली. "टॅक्सीने जायचं का?"

"टॅक्सीचे मीटर मी तपासलेत. मला नको सांगूस. दोन दिवस थांब, एकदा शहानिशा होऊ दे."

"बरं."

शहानिशा जोरात सुरू झाली. बुधवारी ते बसने तीन ठिकाणी फिरून गाड्यांची भाडी लिहून आले. गॅरेजवाल्याने दुरुस्तीच्या खर्चाच्या अंदाजपत्रकाचा कागद सहीसाठी दिला होता. तो त्यांनी घरी आणला, कारण न तपासता सही करणारा माणूस वेगळा. शुक्रवारी त्यातल्या दिव्याची आणि बंपरची किंमत त्यांनी चार दुकानांत विचारली. गॅरेजातून तीनदा फोन आला. हा आपल्यावर दबाव आणतोय, हे ओळखून त्यांनी तो उचलला नाही. बाकीचा वेळ ते गॅरेजासमोरच्या बाकावर थर्मास घेऊन बसत आणि पेपराआडून डोळ्यांत तेल घालून बघत. डायरीत रोज नोंद होई : 'आजही गाडीला कुणी हात लावला नाही.' त्यांना भारी समाधान वाटे. मनुष्य आपला अंदाज खरा ठरताना बघून इतका खूष होतो, की त्यात आपलंच काय जळतंय ते त्याला दिसत नाही.

दुसऱ्या मंगळवारी त्यांनी गॅरेजवाल्याला धारेवर धरलं. टेबलावर डायरी आपटली.

"नऊ दिवस! पानासुद्धा लावला नाहीस. भाड्याच्या गाडीवाल्याकडून तुला किती मिळतात?"

गॅरेजवाल्याने तेलकट हात पुसले आणि फाइल उघडली. "साहेब, तुमची सही कुठाय? तुमच्या सहीशिवाय मला काम सुरू करता येत नाही. तीन फोन केले." मग फाइल मिटत म्हणाला, "आणि भाड्याची गाडी तर तुम्हाला पहिल्याच दिवशी घेता आली असती. काकूंना व्यायामाला न्यायचं असतं, असं तुम्हीच त्या सोमवारी म्हणालात ना?"

काटासाहेबांनी खिशातून तो कागद काढला. घडीवर मळला होता. सगळ्या किमती बरोबर निघाल्या होत्या. त्यांनी उभ्याउभ्याच सही केली.

बुधवारी भाड्याच्या गाडीतून दोघं केंद्रात गेली. तिथल्या मुलीने कार्ड हातात घेतलं. निळे शिक्के ओळीने आले होते, आणि मग चार कोरे चौकोन. तिने बायकोचा हात टेबलावर ठेवला आणि टॉवेलचं टोक बोटांत दिलं. टोक निसटलं. पुन्हा दिलं. पुन्हा निसटलं.

"मावशी, बोटं परत आखडली हो," ती म्हणाली. "अंगठ्यापासून सुरू करू. किती परत येईल ते आता नाही सांगता येत."

"याला जबाबदार कोण?" काटासाहेबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

बायको कार्डाकडे बघत होती.

त्यांना एकाएकी फार लाज वाटली. काय करावं ते कळेना, म्हणून जन्मभर जे केलं तेच त्यांनी केलं. लाल डायरी काढली आणि लिहिलं : 'चार दिवस कमी भरले.' गुन्हेगाराच्या जागी स्वतःचं पूर्ण नाव घातलं. मग खालची रिकामी जागा तिच्यापुढे सरकवली. ती डायरी बाजूला सारेल, "बरं" म्हणेल, असं त्यांना मनातून वाटत होतं. एक्केचाळीस वर्षं ती तसंच म्हणत आली होती.

तिने डायरी वाचली. सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत. मग डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, शिक्क्याच्या निळ्या पॅडवर आणला, मिटल्या मुठीतून अंगठा कसाबसा बाहेर काढला आणि पॅडवर दाबला. तिच्या कपाळावर घाम आला. मुलगी मदतीला पुढे झाली, तर तिने मानेनेच नको म्हटलं. तो थरथरता अंगठा तिने त्यांच्या नावाखाली नेमक्या जागी उमटवला.

"आता परवा शुक्रवार," ती म्हणाली. "वेळेवर निघायचं."

"बरं," काटासाहेब म्हणाले.