दारापासून दारापर्यंत

"व्हँकुव्हर कितने घंटे का है जी?" असं कुणी विचारलं, की सुनंदाताई लगेच उत्तर देत नसत. आधी विचारत, "घर कहाँ है आपका?" समोरचा चंदीगडजवळचं मनीमाजरा म्हणाला, की तिथून त्यांची मोजणी सुरू. रिक्षा, दिल्लीची बस, विमानतळावरची रांग, लंडनचा थांबा, उतरल्यावर पुन्हा गाडी. "नुसते विमानाचे तास सांगून काय फायदा?" त्या मला म्हणत. "माणूस काय धावपट्टीवर राह्यते का बाप्पा?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याच्या बदलीमुळे मी चंदीगडला आले आणि सेक्टर सतरामधल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसू लागले. ताई अकोल्याच्या, यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत. दिवसभर हिंदी-पंजाबी बोलून झालं, की माझ्याशी वऱ्हाडीत बोलताना त्यांचा चेहरा सैल व्हायचा.

एकदा एक तरुण आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. तिला लेकीच्या बाळंतपणाला कॅनडाला जायचं होतं. आमचे मालक म्हणाले, "बस, बीस घंटे!" ताई शांतपणे म्हणाल्या, "बीजी, घर से घर तक पूरे दो दिन लगेंगे." बीजी घाबरल्या, तिकीट न काढताच गेल्या. मालक चिडले. पण दुसऱ्या दिवशी बीजी एकट्याच दारात उभ्या. "ओ सच बोलण वाली कुड़ी कित्थे है?" खरं बोलणारी ती मुलगीच त्यांना हवी होती. तिकीट त्यांनी ताईंकडूनच घेतलं. वाटेत कुठे बसून राहायचं, कुठे उठून पुढचं विमान धरायचं, ते सगळं ताईंनी ऑफिसातल्या शिपायाकडून गुरुमुखीत लिहून घेऊन त्यांच्या हाती दिलं.

मग एका दुपारी ऑफिसात अकोल्याहून ताईंच्या भावाचा फोन आला. वडिलांचं काही खरं नव्हतं. ताईंनी माझ्यासमोर वेळापत्रक उघडलं. रात्रीची बस, दिल्लीहून नागपूरचं विमान, पुढे रेल्वे. "लंडन जवळ आहे गं," त्या हळूच म्हणाल्या, "अकोला लांब." दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत पोचणं शक्यच नव्हतं, हे आम्हा दोघींना दिसत होतं. भाऊ विचारत होता, कधी येतेस? ताईंनी डोळे मिटले. "सकाळीच पोचते. बाबाले सांग, निघाली म्हणून."

कुणाला एक तासही कमी सांगताना मी ताईंना फक्त तेव्हाच पाहिलं.

तेराव्यानंतर त्या परत आल्या. त्या पोचायच्या आत, दुपारीच वडील गेले होते. चहा पिताना त्याच बोलल्या. "सकाळी बाबानं दाढी करून मागतली म्हणे. धुतलेला सदरा घातला. अर्धा कप चहा घेतला, दाराकडे तोंड करून बसले. आठ दिवसांत उठले नव्हते ते." कप खाली ठेवत म्हणाल्या, "मी खोटं बोलली, म्हणून त्यायले एक सकाळ भेटली. का मी त्यायले फुकटच वाट पाहायले लावली? मले सांगता येत नाही."

वर्षभरात ताईंनी नवऱ्याला नागपूरची बदली मागायला लावली. यजमानांची पदोन्नती जवळ आली होती, तीही सोडली. मालकांनी पगार वाढवू म्हणून पाहिलं, मीही थांबा म्हटलं. स्टेशनवर सामान चढवून झाल्यावर ताईंनी माझा हात हातात घेतला.

"आई आहे ना अजून," एवढंच म्हणाल्या आणि डब्यात चढल्या.