बुधाचा नवरा

पायलटभाऊ स्कूटर सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारत. चाकं दाबून बघत, ब्रेक बघत, आरशावर फडकं फिरवत आणि मगच बसत. आरमोरीच्या बाजारातून वांगी आणायला निघालेला माणूस एवढा सरंजाम करतो म्हटल्यावर गावातली पोरं हसायची. मीही चेष्टा करी. मग ठरलेलं उत्तर येई, "मास्तर, वर गेल्यावर आठवून काई उपेग नाई. जे पाहाचं ते जमिनीवर."

हवाई दलात त्यांनी हेलिकॉप्टर चालवलं होतं. निवृत्तीनंतर माझ्या शेजारी घर बांधून राहिले. मूलबाळ नव्हतं, धानाची शेती भावांना लिहून दिलेली. घरात दोघंच, ते आणि सुलोचनाबाई. अर्थात सुलोचनाबाई हे नाव आम्हा गावकऱ्यांसाठी. भाऊ त्यांना बुधा म्हणत.

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, माहेरचं नाव माहेरीच राहतं. बाईंचं माहेरचं नाव बुधा, बुधवारी जन्मलेली म्हणून. पण अधिकाऱ्याच्या बायकोला ते शोभत नाही म्हणून सासूनं सुलोचना ठरवलं. भाऊंनी आईचा मान राखून तांदळात तेच लिहिलं आणि नोकरीवर परतल्यावर तिथल्या कागदांत बायकोच्या रकान्यात 'बुधा' लिहून मोकळे झाले. "म्या मागनी घातली बुधाले. हे सुलोचना कोन, मले माईत नाई," असं सांगून स्वतःच हसायचे. इकडे घरच्यांनी रेशनकार्डावर सुलोचना घातली, त्यावरून आधार झालं, त्यावरून बँकेचं खातं. एवढी वर्षं कोणाचं काही अडलं नाही.

मग भाऊंची फुप्फुसं गेली. फार दिवस उरले नाहीत, हे नागपूरच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. भाऊंनी त्याच्याभोवतीही कशीबशी एक फेरी मारली, नळी तपासली आणि लोखंडी पेटी उघडून आपले कागद बघायला बसले. मला बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"मास्तर, पेन्शनच्या कागदावर बुधा हाय. हिच्या एकाबी कागदावर बुधा नाई. म्या मेल्यावर हिले पेन्शन कोन देईन?"

बसून लिहिताना त्यांना दम लागे, म्हणून पत्रं मी लिहू लागलो. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र गावच्या दाखल्यासह पाठवलं. ते परत आलं. सोबत विचारणा होती: सुलोचना कोण? बुधा हयात आहे का? अर्जदाराची दोन लग्नं झाली आहेत का? मी कागद आपटला. भाऊ चिडले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

बुधा नावाचा पुरावा काढावा, तर बाई शाळेत गेलेल्या नाहीत, आईबाप वारलेले, जन्माची नोंद सापडेना. मी कुरखेड्याकडच्या त्यांच्या माहेरी जाऊन आलो. तिथल्या म्हाताऱ्यांना बुधा चांगली आठवत होती, पण आठवणीवर शिक्का कोण मारणार? भाऊ रोज फोन लावत. साहेब जागेवर नाहीत, असं कळे. बोलता बोलता दम लागला की ते फोन माझ्या हाती देत आणि माझ्या तोंडाकडे बघत बसत. ते बघणं माझ्याच्यानं सोसवत नसे.

शेवटी फोनवर एका कारकुनानं वाट सांगितली. मूळ नोंदच चुकीची होती असं भाऊंनी लिहून द्यावं, म्हणजे बुधा खोडून सुलोचना घालता येईल.

तहसील कचेरीपुढे ऑटोतच मी मजकूर वाचून दाखवला. पत्नीचे नाव बुधा असे माझ्याकडून चुकीने लिहिले गेले, ते तिचे नाव नाही. भाऊंनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"हे खोटं हाय, मास्तर. नोकरीत म्या एक नोंद खोटी केली नाई."

"भाऊ, सारे असंच लिहून देतात."

"मंग बुधा चूक होती का माही?"

सुलोचनाबाई शेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर धरून बसल्या होत्या. चारचौघांत नवऱ्यापुढे तोंड न उघडणाऱ्या बाई, त्या खाली बघत म्हणाल्या, "करा न जी सही. वर गेल्यावर आठवून काई उपेग नाई."

भाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हुद्द्यासकट पूर्ण सही केली.

त्यानंतर रोज दिवसभर भिंतीपलीकडून त्यांची हाक ऐकू येई. बुधा, पानी दे. बुधा, खिडकी लाव. बुधा, बस इथी. दोन शब्दांना दम पुरत नसे, तरी नाव गाळत नसत.

धानाची कापणी चालू असताना भाऊ गेले. दुरुस्त झालेला आदेश त्यानंतर आला. मी तो बाईंना सगळा वाचून दाखवला.

"बुधा कुठी हाय का त्यात?"

"नाही."

त्यांनी कागद घडी करून पेटीत ठेवला. "बरं झालं. जगन्याची सोय झाली," म्हणाल्या. आणि पेटी बंद करता करता, "आता मले बुधा म्हननारं कोनी राह्यलं नाई, मास्तर."

फाटकाशी आल्यावर मी सवयीनं वळलो. इतकी वर्षं 'येतो, सुलोचनाबाई' म्हणत आलो होतो. त्या दिवशी ते नाव तोंडातून निघेना, आणि दुसरं घ्यायचा हक्क माझा नव्हता. मी नुसतं 'येतो' म्हणालो.